ट्राउट आणि बास : अमेरिकेच्या नद्यांतील गळाची मासेमारी

गळ टाकून नदीकाठी तासन् तास बसलेला माणूस हे दृश्य महाराष्ट्राला नवे नाही. कोकणातील खाड्यांपासून कृष्णा-गोदावरीच्या डोहांपर्यंत ते कोठेही दिसते. मात्र आपल्याकडे गळ बहुधा कालवणासाठी टाकला जातो. उत्तर अमेरिकेत तो प्रामुख्याने छंद म्हणून टाकला जातो आणि या छंदाभोवती कायदे, कर, संशोधन, साहित्य व मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. तेथील नद्यांमध्ये या खेळाचे दोन मानकरी आहेत : ट्राउट आणि बास. ट्राउट हा थंड, खळाळत्या प्रवाहांचा मासा, तर बास हा किंचित उबदार, संथ पाण्याचा.

गेल्या दीडशे वर्षांत या दोन माशांसाठी माणसाने पुष्कळ खटाटोप केला. त्यांची अंडी समुद्रापार नेली, पिल्ले एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात सोडली, कोट्यवधी मासे कृत्रिमरीत्या वाढवून नद्यांत ओतले. त्यातून काही नद्या समृद्ध झाल्या, तर काहींचे मूळचे मासे कायमचे गेले. नदीत मासा सोडणे सोपे, पण माशासाठी नदी राखणे कठीण, हा त्या अनुभवाचा निष्कर्ष आहे. सह्याद्रीतील आणि दक्षिणेतील नद्यांनाही तो तितकाच लागू पडतो.

दोन मासे, दोन कुळे

ट्राउट हा सॅमनच्या कुळातील मासा. अंगावर ठिपके, बारीक खवले आणि पाठीवर शेपटीजवळ एक छोटा मांसल पर, ही त्याची ओळख. रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील व रशियाच्या कामचात्का परिसरातील. त्याच्या कुशीवर गुलाबी पट्टा असतो. कटथ्रोट ट्राउट हा रॉकी पर्वतराजीच्या परिसरातील. त्याच्या जबड्याखाली तांबडी रेघ असते, म्हणून ‘कापलेल्या गळ्याचा’ हे नाव. ब्रुक ट्राउट पूर्वेकडील. नावात ट्राउट असले तरी शास्त्रीयदृष्ट्या तो ‘चार’ या निकटच्या गटात मोडतो. ब्राउन ट्राउट मात्र अमेरिकेचा नव्हे. तो युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिकेतील आहे.

गोड्या पाण्यातील ज्या माशांना अमेरिकेत ‘ब्लॅक बास’ म्हणतात ते ‘सनफिश’ कुळातील. त्यांत दोन जाती प्रसिद्ध आहेत. लार्जमाउथ बासचे तोंड मोठे, जबडा डोळ्याच्याही मागे जाणारा. त्याला तळी, संथ वळणे व पाणवनस्पती आवडतात. स्मॉलमाउथ बास हा खरा नदीचा मासा. ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स, ओहायो व वरच्या मिसिसिपी खोऱ्यांतील स्वच्छ, खडकाळ पात्रे हे त्याचे मूळ घर. रंग तांबूस-हिरवट आणि गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उसळी घेण्याची सवय, यामुळे तो शौकिनांचा आवडता ठरला.

दोघांचे संसारही वेगळे. ट्राउटची मादी शेपटीने नदीतळाच्या वाळू-गोट्यांत खळगा करते, अंडी घालते, त्यांवर गोटे ढकलते आणि निघून जाते. अंडी जगायची तर त्या गोट्यांमधून स्वच्छ पाणी सतत झिरपत राहावे लागते. गाळ साचला की अंडी गुदमरतात. बासमध्ये घर सांभाळतो तो नर. तो घरटे करतो, अंड्यांवर परांनी पाणी ढवळत राहतो आणि पिल्ले पांगेपर्यंत पहारा देतो. या काळात घरट्याजवळ काहीही आले तरी तो त्यावर तुटून पडतो. म्हणून तो सहज गळाला लागतो आणि एक नर पकडला की सारी पिल्ले उघडी पडतात. काही राज्यांत विणीच्या काळात बासच्या मासेमारीवर निर्बंध असतात ते यासाठीच.

सारे काही तापमानावर

ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. २० अंशांच्या वर तो त्रासू लागतो आणि २५ अंशांच्या आसपास बहुतेक ट्राउटच्या जिवावर बेतते. याचे एक कारण प्राणवायू. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. २५ अंशांच्या पाण्यात तो जेमतेम ८ मिलिग्रॅमच्या पुढे जातो. शिवाय पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते, म्हणजे दोन्हीकडून ओढाताण होते. स्मॉलमाउथ बासला यापेक्षा उबदार पाणी चालते. वसंतात पाणी १५ अंशांच्या पुढे गेले की त्याची वीण सुरू होते.

त्यामुळे एकाच नदीच्या उगमाकडील भागात ट्राउट आणि सखल भागात बास असे दृश्य अनेक ठिकाणी आढळते. त्यांच्यामधली सीमारेषा नदीच्या तापमानानुसार वर-खाली सरकते. काठावरची झाडे तोडली, धरण बांधले किंवा हवामान तापले की ती हलते.

नदी वाचण्याची कला

अनुभवी मासेमार गळ टाकण्यापूर्वी नदी वाचतो. नदीचे सामान्यतः तीन भाग पडतात : उथळ, फेसाळ खळाळ, त्यापुढची सरळ धार आणि शेवटी डोह. खळाळात पाण्यात हवा मिसळते आणि दगडांखाली कीटकांच्या अळ्या वाढतात. ते माशांचे स्वयंपाकघर. डोह ही विश्रांतीची व आसऱ्याची जागा. ट्राउट वेगवान प्रवाहात पोहत बसत नाही, कारण त्यात शक्ती खर्च होते. मोठ्या दगडामागे, बुडालेल्या ओंडक्याजवळ, वेगवान व संथ धारांच्या सीमेवर तो प्रवाहाकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येणारे भक्ष्य टिपतो. म्हणून मासेमाराला खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून, सावली पाण्यावर न पाडता जावे लागते.

बासचे लपण्याचे ठिकाण खडकांच्या कपारी, पुलांचे खांब, झाडांची बुडालेली मुळे. झिंग्यासारखा दिसणारा क्रेफिश, लहान मासे व बेडूक हे त्याचे खाद्य. पहाटे व संध्याकाळी तो उथळ पाण्यात शिकारीला येतो.

कृत्रिम माशीचे तंत्र

ट्राउटच्या मासेमारीचे सर्वांत नाजूक तंत्र म्हणजे फ्लाय फिशिंग. यात आमिष असते ते पिसे, केस व धागा गळावर गुंडाळून केलेली कृत्रिम माशी. साध्या गळात आमिषाच्या किंवा शिशाच्या वजनाने दोरी पुढे फेकली जाते. कृत्रिम माशीला वजनच नसते. म्हणून येथे जाड, वजनदार दोरी वापरतात, लवचिक काठीने ती मागे-पुढे हवेत खेळवतात आणि दोरीच्या वजनावर माशी अलगद पाण्यावर टेकते. दोरीच्या टोकाला बारीक, पारदर्शक तंतू जोडलेला असतो, जेणेकरून माशाला दोरी दिसू नये.

कोणती माशी बांधायची हे नदी ठरवते. मेफ्लाय, कॅडिस यांसारख्या कीटकांच्या अळ्या पाण्याखाली वाढतात आणि ठरावीक ऋतूत पृष्ठभागावर येऊन पंख पसरतात. त्या वेळी ट्राउट फक्त तोच कीटक निवडून खातो. पाण्यावर तरंगणारी माशी ‘ड्राय फ्लाय’, तर अळीचे सोंग घेऊन तळालगत वाहणारी ‘निम्फ’. प्रवाहाच्या वेगापेक्षा माशी किंचितही वेगळी हलली तर मासा तिला नाकारतो. त्यामुळे हा छंद असलेली माणसे कीटकांचीही जाणकार बनतात. हे कीटक बहुतांशी स्वच्छ पाण्यातच वाढत असल्याने नदी बिघडत असल्याची चाहूलही त्यांना लवकर लागते.

बाससाठी सामान्यतः फिरते रीळ असलेली काठी, चकाकणारी धातूची पाती, रबरी गांडुळे व लाकडी किंवा प्लास्टिकचे खोटे मासे वापरले जातात. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात केंटकी राज्यातील घड्याळजींनी दाते असलेल्या चाकांचे वेगवान रीळ बनवले, ते बासच्या मासेमारीसाठीच.

छंदाची परंपरा

कृत्रिम माशीने मासे पकडण्याचे जुने वर्णन इसवी सनाच्या २०० च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने केले आहे. मॅसिडोनियातील लोक गळावर तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधतात, असे तो सांगतो. इंग्लंडमध्ये १४९६ साली गळाच्या मासेमारीवरील प्रबंध छापला गेला. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या विदुषीच्या नावावर सांगितला जातो. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन यांचे ‘द कम्प्लीट अँग्लर’ प्रसिद्ध झाले आणि या छंदाला साहित्यात स्थान मिळाले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांतील बीव्हरकिल, नेव्हरसिंक या नद्यांवर १९व्या शतकाच्या अखेरीस थिओडोर गॉर्डन यांनी तेथील कीटकांना साजेशा माश्या बांधून ‘ड्राय फ्लाय’ रुजवली. बासची बाजू मांडली ती डॉ. जेम्स हेन्शॉल यांनी. १८८१ मधील त्यांच्या ग्रंथाने बासला ट्राउटच्या बरोबरीचा मान मिळवून दिला.

इंजिनाच्या टाकीतून प्रवास

याच काळात माशांचे स्थलांतर सुरू झाले. १८५४ मध्ये श्रायव्हर नावाच्या गृहस्थांनी ओहायो खोऱ्यातील सुमारे तीस बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत भोके पाडलेल्या बादलीत ठेवून डोंगरापलीकडे आणले आणि कंबरलँड येथे कालव्याच्या पाण्यात सोडले. तेथून ते पोटोमॅक नदीत पसरले. वॉशिंग्टन शहरावरून वाहणारी ही नदी आज स्मॉलमाउथसाठी ओळखली जाते, पण हा मासा तिचा मूळ रहिवासी नाही.

१८६४ मध्ये सेथ ग्रीन यांनी न्यूयॉर्क राज्यातील कॅलेडोनिया येथे मत्स्यबीज केंद्र उभारले. १८७१ मध्ये अमेरिकी सरकारने मत्स्य आयोग नेमला. कॅलिफोर्नियातील मॅक्लाउड नदीच्या रेनबो ट्राउटची अंडी देशभर व पुढे देशाबाहेरही जाऊ लागली. १८८३ मध्ये जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी आली आणि १८८४ मध्ये मिशिगनमधील पेअर मार्केट नदीच्या एका उपनदीत त्यांची पिल्ले सोडण्यात आली. कारखाने व लाकूडतोडीने नद्या बिघडल्या होत्या. त्या सुधारण्यापेक्षा नवे मासे सोडणे स्वस्त व तत्काळ वाटत होते.

ग्रेलिंग : मासा गेला, नाव उरले

मिशिगनमधील ऑ साबल नदीची कहाणी या दृष्टीने बोलकी आहे. या नदीत ग्रेलिंग नावाचा, पाठीवर शिडासारखा पर असलेला देखणा मासा विपुल होता. काठावरच्या गावाचे नावच ग्रेलिंग. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात पाइनची जंगले तुटली. ओंडके नदीतून वाहून नेताना तळाचे गोटे खरवडले गेले, गाळ साचला, सावली जाऊन पाणी तापले. त्यातच मासे बेसुमार पकडले गेले आणि बाहेरून आणलेल्या ट्राउटशी स्पर्धा सुरू झाली. १९३६ च्या सुमारास ग्रेलिंग मिशिगनमधून नामशेष झाला. आज ऑ साबल ब्राउन ट्राउटसाठी जगप्रसिद्ध आहे आणि गावाच्या नावात तेवढा मूळचा मासा उरला आहे.

याच नदीच्या काठी १९५९ मध्ये ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था स्थापन झाली. मासे वाढवून सोडण्यापेक्षा नदीचे पाणी, काठ व तळ राखा, ही तिची भूमिका. ग्रेलिंगला मिशिगनच्या नद्यांत परत आणण्याचे संघटित प्रयत्न २०१६ पासून सुरू आहेत.

माँटानाचा उलटा निर्णय

मत्स्यबीज केंद्रातील मासे सोडल्याने नदीतील मासे वाढतात, ही समजूत दीर्घकाळ कोणी तपासलीच नव्हती. माँटाना राज्यातील जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मॅडिसन नदीत व ओडेल ओढ्यात मोजणी सुरू केली. निष्कर्ष अनपेक्षित होता. जेथे केंद्रातील मासे सोडणे थांबवले तेथे जंगली ट्राउट वाढले, आणि जेथे नव्याने सोडले तेथे ते घटले. टाकीत वाढलेले मासे जागेसाठी व अन्नासाठी धसमुसळेपणा करीत आणि नदीत रुळलेल्या माशांची घडी विस्कटून टाकीत. स्वतः मात्र फार काळ टिकत नसत.

या निष्कर्षांना दुकानदारांचा व खुद्द मासेमारांचा विरोध झाला. तरीही १९७४ मध्ये माँटानाने जंगली ट्राउट असलेल्या नद्यांत मासे सोडणे थांबवले. राज्याच्या नद्या त्यानंतर रिकाम्या पडल्या नाहीत. उलट जगभरचे शौकीन तेथे येऊ लागले. अर्थात निसर्गाने परीक्षा घेतलीच. युरोपातून आलेल्या परजीवीमुळे होणारा ‘व्हर्लिंग’ रोग १९९४ मध्ये मॅडिसनमध्ये आढळला. या रोगाने पिल्लांच्या कण्याची कूर्चा बिघडते आणि ती गोल गोल फिरत राहतात. नदीच्या वरच्या भागातील रेनबो ट्राउटची संख्या तेव्हा सुमारे ९० टक्क्यांनी घटली. मासे इकडून तिकडे नेताना रोगही प्रवास करतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

धरणांनी बदललेल्या नद्या

आर्कान्सॉमधील व्हाइट नदी एकेकाळी स्मॉलमाउथसाठी प्रसिद्ध होती. लोक नावांतून दिवसेंदिवस प्रवास करीत बास पकडत. १९५० च्या दशकाच्या आरंभी बुल शोल्स धरण झाले. खोल जलाशयाच्या तळातून सोडलेले पाणी इतके थंड होते की खालच्या पात्रात बासला वीण करणे अशक्य झाले. भरपाई म्हणून तेथे ट्राउट सोडण्यात आले. आज ही नदी ट्राउटची म्हणून ओळखली जाते. एका धरणाने बासच्या नदीला ट्राउटची नदी केले.

कोलोरॅडो नदीवर ग्रँड कॅन्यनच्या वर असलेल्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली नेमके उलटे घडू लागले आहे. थंड पाण्यामुळे तेथे रेनबो ट्राउटची प्रसिद्ध मासेमारी उभी राहिली होती. पुढे अवर्षणाने पॉवेल जलाशयाची पातळी घसरली, वरच्या थरातील उबदार पाणी धरणाच्या झडपांपर्यंत आले आणि त्याबरोबर जलाशयातील स्मॉलमाउथ बासही खाली उतरले. २०२२ मध्ये ते धरणाखाली वीण करीत असल्याचे दिसले. तेथील मूळचा, दुर्मिळ हंपबॅक चब हा मासा त्यांचे भक्ष्य ठरण्याची भीती होती. २०२४ मध्ये खोल भागातील थंड पाणी मुद्दाम सोडून बासची वीण रोखण्याचा उपाय योजण्यात आला. ओहायोत ज्या माशासाठी लोक रात्र जागवतात, तोच ग्रँड कॅन्यनमध्ये घुसखोर ठरतो.

काही ठिकाणी धरणेच काढली गेली. वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीवरील दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली. धरणांमागे शतकभर अडकलेल्या रेनबो ट्राउटच्या वंशजांना समुद्राची वाट मोकळी झाली आणि समुद्रातून परतणारे ‘स्टीलहेड’ पुन्हा वरच्या भागात दिसू लागले. क्लॅमथ नदीवरील चार धरणांचे पाडकाम २०२४ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत सॅमन धरणांच्या जागा ओलांडून वर गेले.

नदीतले अदृश्य विष

पाणी स्वच्छ दिसले तरी ते निरोगी असतेच असे नाही. २००३ मध्ये पोटोमॅकच्या दक्षिण शाखेत स्मॉलमाउथ बासच्या नरांच्या वृषणात अपक्व अंडी आढळली. पुढे खोऱ्यात इतरत्रही असे मासे सापडले. सांडपाणी, शेतीतील रसायने व पशुपालनातील टाकाऊ द्रव्ये यांतून येणारी, शरीरातील संप्रेरकांच्या कार्यात ढवळाढवळ करणारी संयुगे हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते. २००५ पासून सस्क्वेहाना नदीतही बासची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरू लागली. याशिवाय माशांतील पाऱ्यामुळे कोणत्या नदीतील कोणता मासा किती खावा, याच्या सूचना राज्य सरकारे प्रसिद्ध करतात.

परवाना, कर आणि शिस्त

अमेरिकेत गोड्या पाण्यातील मासेमारीचे नियम राज्यागणिक बदलतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांना नातवंडांसोबत नदीवर जाण्याचा योग येतो, त्यांनी हे लक्षात ठेवणे हिताचे. मुलांना बहुतेक राज्यांत सवलत असली तरी प्रौढांना परवाना घ्यावाच लागतो. बाहेरून आलेल्यांसाठी काही दिवसांचे परवाने मिळतात. काही राज्यांत ट्राउटसाठी वेगळे शुल्क असते. किती मासे ठेवायचे, किती लांबीचे ठेवायचे, कोणते आमिष चालेल, हे नदीच्या टप्प्याटप्प्यानुसार ठरलेले असते.

परवाना शुल्काखेरीज आणखी एक व्यवस्था आहे. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरील केंद्रीय कर राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाकडे वळवला. काठी, रीळ, गळ घेणारा प्रत्येक जण नकळत नदीच्या देखभालीचा वाटा उचलतो.

‘पकडा आणि सोडा’ ही शिस्तही आता रूढ झाली आहे. तिचे काही नियम आहेत. गळाला उलटा काटा नसावा, म्हणजे तो सहज निघतो. मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. छायाचित्राच्या मोहात मासा पाण्याबाहेर काही सेकंदांपेक्षा अधिक ठेवू नये. पाणी तापलेले असताना गळच टाकू नये, कारण दमलेला ट्राउट सोडल्यावरही मरतो. माँटानात नदीचे तापमान सलग तीन दिवस सुमारे २३ अंशांवर गेले की दुपारी दोन ते मध्यरात्र मासेमारी बंद ठेवण्याचा आदेश निघू शकतो. या खेळात माशाला वेदना होतात की नाही, मग तो पकडावाच का, हा प्रश्न मात्र वादाचा आहे आणि काही देशांत त्यावर कायदेही झाले आहेत.

भारतातील ट्राउट

ट्राउट ब्रिटिशांबरोबर भारतातही आला. स्कॉटलंडहून आणलेली ब्राउन ट्राउटची अंडी १९०० मध्ये काश्मीरमध्ये सुखरूप पोहोचली आणि श्रीनगरजवळ हारवन येथे त्यांची पैदास सुरू झाली. १९०९ मध्ये कुलू खोऱ्यात मत्स्यबीज केंद्र निघाले. नीलगिरीत १९व्या शतकातील प्रयत्न फसले. नंतर २०व्या शतकाच्या पहिल्या दशकात अव्हलांच येथे रेनबो ट्राउट रुजला. आज काश्मीरमधील लिद्दर, हिमाचलमधील तीर्थन व बियास या नद्यांवर परवाना घेऊन ट्राउटची मासेमारी करता येते. हिवाळ्यात विणीच्या काळात हिमाचलमध्ये ती बंद असते. पर्यटकांच्या ताटात येणारा ट्राउट मात्र बहुधा डोंगरी गावांतील तलावांत वाढवलेला रेनबो असतो.

महाराष्ट्रातील नद्या ट्राउटसाठी फार उबदार आहेत. बासही आपल्या नद्यांचा नाही. आपल्याकडचा मानाचा मासा म्हणजे महसीर.

लोणावळ्यापासून कावेरीपर्यंत

कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील महसीरचे शास्त्रीय वर्णन केले. आज त्याचे नाव ‘टोर खुद्री’ असे आहे. धरणे, प्रदूषण व सुरुंग लावून होणारी मासेमारी यांमुळे तो दुर्मिळ होऊ लागला, तेव्हा १९७० च्या दशकात टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याच्या पैदाशीचे काम हाती घेतले. तेथून लाखो पिल्ले अनेक राज्यांत गेली. या प्रयत्नांनी खुद्रीला मोठा आधार मिळाला, हे निर्विवाद.

परंतु ही पिल्ले कावेरीतही सोडली गेली. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा. पाठीवर उंचवटा असलेला, जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. १९४६ मध्ये कावेरीच्या काबिनी या उपनदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे. खुद्री कावेरीत फोफावला आणि मूळचा महसीर झपाट्याने घटला. विशेष म्हणजे जगभर कीर्ती असलेल्या या माशाचे शास्त्रीय नावच निश्चित झालेले नव्हते. २०१८ मध्ये तो ‘टोर रेमादेवी’ असल्याचे सिद्ध झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. घसरण लक्षात आली तीही मुख्यतः ‘पकडा आणि सोडा’ पद्धतीच्या मासेमारांनी ठेवलेल्या नोंदींवरून. ऑ साबलचा ग्रेलिंग ज्या वाटेने गेला, त्या वाटेवर हा मासा उभा आहे.

राखलेला डोह

रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी तेथील महसीर कोणी मारत नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात आणि मोठमोठे मासे निर्भयपणे काठाशी येतात. तेथे मत्स्यबीज केंद्र नाही, की कोट्यवधींची योजना नाही. मासा तेथलाच आहे आणि डोह राखलेला आहे.

माँटानाने मोजणी करून जो निष्कर्ष काढला, तो वाळणकोंडच्या गावकऱ्यांनी श्रद्धेने जपला. पावसाळ्याच्या तोंडावर आजही अनेक ठिकाणी नद्यांत व जलाशयांत मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ होतात. त्या पिशव्यांतील मासे या खोऱ्यातील आहेत काय, आणि ज्या पाण्यात ते सोडले जात आहेत ते पाणी त्यांना जगवेल काय, हे दोन प्रश्न तेथे विचारले गेले पाहिजेत. ग्रेलिंगसाठी ते वेळेवर विचारले गेले नाहीत. कावेरीच्या महसीरसाठी ते विचारायला अजून अवधी आहे, पण फारसा नाही.